आईबरोबर टॅलिएसिन वेस्ट

आई जानेवारीत अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आमच्याकडे आली होती, तेव्हा तिला जवळच्या स्कॉट्सडेल शहरातल्या टॅलिएसिन वेस्टला घेऊन गेले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ पासून मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशी उभं केलेलं हे त्यांचं हिवाळ्यातलं घर आणि वास्तुकलेची शाळा. बांधकामाला हात लागले ते शिकायला आलेल्या मुलामुलींचे. २०१९ पासून हे जागतिक वारशाच्या यादीतही आहे.

आईचं लहानपण दगडी वाड्यात गेलेलं. भिंतीपाशी पोचताच ती म्हणाली, "अगं, दगड घडवलेलेच नाहीत की!" खरंच, छिन्नी लावून चौकोनी केलेला एकही दगड तिथे दिसत नाही. आसपासचे दगड गोळा करायचे, सपाट बाजू बाहेर येईल असे लाकडी साच्यात लावायचे आणि मागे काँक्रीट ओतायचं. साचा काढला की भिंत तयार. त्यामुळे डोंगरात दिसणारे तांबूस, जांभळट, करडे रंग भिंतीतही तसेच उतरलेत. आम्ही त्या एका भिंतीपुढे दहा मिनिटं उभ्या होतो. पायवाटेवर होहोकाम या इथल्या प्राचीन मूलनिवासी लोकांनी फार पूर्वी चित्रं कोरलेली एक शिळाही आहे, ती चुकवू नका.

आत शिरताना दारं बुटकी, छत डोक्याशी आलेलं. पुढच्या पावलाला एकदम उंच, उजळ दालन. हे राइट यांनी मुद्दाम केलंय. ड्राफ्टिंग स्टुडिओवर, म्हणजे नकाशे काढायच्या दालनावर, सुरुवातीला कॅनव्हासचं छत होतं. आजही तिथे वरून झिरपणारा उजेड इतका मऊ असतो, की कागदावर हाताची सावली जेमतेम पडावी. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या गिरा साराभाई राइट यांच्याकडे शिकल्या होत्या, हे आठवून मला फार बरं वाटलं.

सगळ्यात आवडली ती एक खिडकी. काच बसवताना मातीचं भांडं आड येत होतं, तर भांडं न हलवता काचच त्याच्याभोवती गोल कापून घेतली!

तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढा. हंगामात ऐनवेळी मिळेलच असं नाही. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा गेलातच तर सकाळचीच वेळ घ्या. फिनिक्स विमानतळापासून गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो, आणि गाडी हवीच. खडी आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बूट घालावेत, काठी घ्यावी, आणि व्हीलचेअर लागणार असेल तर आधीच विचारून ठेवावं. पाण्याची बाटली, टोपी विसरू नका.

आम्ही दुपारी दीडची वेळ घेतली, ती चूक झाली. भर दुपारच्या उन्हात भिंती सपाट दिसत होत्या. सूर्य कलल्यावर दगडादगडाची सावली पडायला लागली, तोवर आमचा फेरा संपला होता. तुम्ही शेवटच्या फेरीचं तिकीट घ्या.