रीमाताई फक्त आईच होत्या का?

अभिनयाच्या शिबिरात रीमा लागूंचं नाव निघालं की एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्या बहुतेक वेळा विशीतल्या मुली असतात, आणि त्यामागे त्यांची स्वतःची धास्ती असते. "ताई, एवढी मोठी नटी, पण आयुष्यभर आईच करत राहिली. त्यांना त्या भूमिकांनी अडकवलं असं नाही वाटत?" शिबिरात वेळ कमी असतो, उत्तर अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

अडकवलं, हो. हे गोड शब्दांत सांगायची माझी तयारी नाही. रीमाताईंचा जन्म १९५८ चा. 'कयामत से कयामत तक' आला १९८८ मध्ये, त्यात त्या जुही चावलाची आई. जुही १९६७ ची, म्हणजे पडद्यावरच्या आई-लेकीत नऊ वर्षांचं अंतर. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'. एकतिशीतल्या रीमाताई चोविशीतल्या सलमान खानची आई झाल्या. 'हम साथ साथ हैं'मध्ये मोहनीश बहलची सावत्र आई, तो त्यांच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान. आणि 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई! संजय दत्त १९५९ चा. या वयाचे पुरुष तेव्हा नायक होते आणि पुढेही कितीतरी वर्षं नायकच राहिले. त्याच वयाच्या बाईच्या केसांत मात्र पांढरी बट काढली गेली. हा अन्याय होता. 'त्यांना आईची भूमिका शोभायची' असं म्हणून तो झाकू नये. त्यांना काय काय शोभलं असतं, हे पाहायची संधी हिंदी सिनेमाने घेतलीच नाही.

हिंदी सिनेमाने आपल्या आया मराठी मुलखातून आणल्या हे तसं जुनंच. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचनाबाई, ललिता पवार. पण यातल्या लीलाबाईंचं उदाहरण बघा. 'कंगन', 'बंधन', 'झूला' या चित्रपटांत त्या अशोककुमारच्या नायिका होत्या, लोकांनी त्यांना नायिका म्हणून डोक्यावर घेतलं होतं. मग १९४८ च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. सुलोचनाबाईही मराठी पडद्यावर आधी नायिका होत्या. रीमाताईंच्या वाट्याला हिंदीत तो आधीचा टप्पा आलाच नाही. त्या थेट आई म्हणूनच ओळखल्या गेल्या, आणि तेही तिशीच्या उंबरठ्यावर.

मग प्रश्न संपला का? नाही. 'आयुष्यभर आईच' हे प्रश्नातलं वाक्य मला मान्य नाही. ते फक्त सिनेमाच्या पोस्टरवरून बोललेलं वाक्य आहे.

त्यांचं मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शाळा पुण्यातली हुजूरपागा. पुढे युनियन बँकेत नोकरी आणि संध्याकाळी नाटक. त्या काळात मुंबईतली निम्मी रंगभूमी बँकांच्या काउंटरमागे बसलेली असायची! जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये नाना पाटेकर गुलाबराव आणि रीमाताई अंबिका. अंबिका ही शिक्षिका. सत्तेतला हा गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो, आणि ती गप्प बसत नाही. 'सविता दामोदर परांजपे'मध्ये एका घरातली साधी बायको आणि तिच्या अंगात शिरलेली दुसरीच बाई, दोन्ही त्यांनीच उभ्या करायच्या. एका देहात दोन आवाज, दोन चाली, आणि बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. विशीत हे करून दाखवलेली नटी 'बेटा, खाना खा लो'साठी बोलावली जाते, तेव्हा काय वाया जातंय याचा अंदाज तुम्हाला यावा म्हणून हे सांगितलं. 'सिंहासन', 'आक्रोश', 'कलयुग' या चित्रपटांतही त्या आहेत. भूमिका लहान, पण जब्बार पटेल, गोविंद निहलानी, श्याम बेनेगल यांच्या नजरेला त्या पडल्या होत्या, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता माझ्या उत्तराचा खरा भाग. १९९४ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी 'हम आपके हैं कौन'मध्ये रीमाताई माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांच्या आई होत्या. हसऱ्या, देखण्या, समधीच्या चेष्टेला पुरून उरणाऱ्या. सिनेमा किती चालला ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याच वर्षी छोट्या पडद्यावर दोन मालिका सुरू झाल्या, 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं'. सिनेमाने त्यांना जी जागा दिली नाही ती टीव्हीने दिली, आणि एकाच वर्षात दोनदा दिली.

'श्रीमान श्रीमती' दूरदर्शनवर लागायची. कोकिला कुलकर्णी, म्हणजे सगळ्यांची कोकी, तिचा नवरा केशव (जतीन कनाकिया), शेजारची नटी प्रेमा शालिनी (अर्चना पूरणसिंग) आणि प्रेमाचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा (राकेश बेदी). केशवला प्रेमा हवीशी वाटते, दिलरुबाला कोकी. सगळी गंमत एवढ्यावरच चालते. जतीन कनाकियांचं ओशाळं हसू आणि राकेश बेदींचं लाळघोटं प्रेम लोकांना आठवतं, आणि ते आठवावं असंच आहे. पण या चौघांतलं सगळ्यात अवघड काम कोकीचं. दिलरुबाच्या मनात काय आहे हे तिच्या गावीही नसतं. विनोदात ज्याला काहीच कळलेलं नाही अशा माणसाचं काम करणं फार कठीण. नटाला पुढचं सगळं माहीत असतं, हशा कुठे येणार तेही माहीत असतं, आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूसही दिसता कामा नये. रीमाताईंच्या चेहऱ्यावर तो कधीच दिसत नाही. कोकी विनोद करतच नाही. ती फक्त मनापासून काळजी करते, मनापासून खूश होते, मनापासून चिडते. बाकीचे तिघं तिच्या खरेपणावर आपटून हास्यास्पद होतात. तिने एकदा जरी डोळा मिचकावला असता तरी ती मालिका अश्लील झाली असती. शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट घराघरात आजी-आजोबांसोबत बसून पाहिली गेली, याचं मोठं श्रेय मी कोकीला देते.

आणि कोकी कुणाची आई म्हणून लक्षात राहत नाही. ती कोकी म्हणूनच लक्षात राहते.

'तू तू मैं मैं'मधली देवकी सासू आहे, म्हणजे नात्याने पुन्हा आईच. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सून सुप्रिया, सासरे कुलदीप पवार. मालिका हिंदी, पण तिचा ताल आपल्या नाटकाचा. सुप्रिया रीमाताईंपेक्षा नऊ-दहा वर्षांनीच लहान, तरी त्यांची सासू-सून खरी वाटते. याचं कारण असं की दोघी भांडणात बरोबरीच्या आहेत. आजच्या मालिकांतली सासू कट रचते आणि कॅमेरा तिच्या भुवईवर तीनदा जाऊन येतो. देवकीला कट रचायला वेळच नाही. तिला हे भांडण आत्ता, इथे, याच वाक्यावर जिंकायचं असतं! सिनेमातल्या आईला स्वतःसाठी काही नको असतं, तिला फक्त मुलाचं सुख हवं असतं. देवकीला स्वतःचा मान हवा असतो, स्वयंपाकघरातली सत्ता हवी असते, शेवटचा शब्द हवा असतो. हवंसं काही असलं की नटाला खेळायला जागा मिळते. रीमाताई तिथे कशा सुटल्या आहेत ते बघा. वाक्य अर्धं सोडून निघून जातात, दारातून परत येतात आणि उरलेलं अर्धं वाक्य समेवर आणून टाकतात. सुप्रियाचं वाक्य चालू असताना त्या ज्या तऱ्हेने ऐकतात, त्यातच पुढचं उत्तर शिजताना दिसतं. दोन बायका समोरासमोर उभ्या आणि मुलगा मध्ये केविलवाणा. सिनेमात हे कधी घडलं? तिथे मुलगा मध्यभागी असायचा आणि आई कडेला.

एकदा मात्र सिनेमानेही आईला मध्यभागी आणलं. महेश मांजरेकरांचा 'वास्तव', १९९९. चाळीत राहणारं कुटुंब, आई शांता म्हणजे रीमाताई, बाप शिवाजी साटम, धाकटा रघू (संजय दत्त) पावभाजीची गाडी टाकतो आणि एका खुनातून गुन्हेगारीच्या दुनियेत ओढला जातो. शेवटी पोलीस मागावर, ज्यांच्यासाठी खून केले तेही उलटलेले, नशेने खिळखिळा झालेला रघू आईकडे मुक्ती मागतो, आणि ती त्याला गोळी घालते.

हा प्रसंग कागदावर भडक आहे. याआधीच्या काळात आईने मुलाला गोळी घालताना मोठं भाषण केलं असतं, वीज कडाडली असती. रीमाताई तो प्रसंग थकव्याने करतात. शिबिरात मी मुलींना तो दाखवते तेव्हा त्यांचं लक्ष आधी पिस्तुलाकडे जातं, मग मी त्यांना खांदे बघायला सांगते. त्या आईने मनातल्या मनात हे आधीच केलेलं आहे असं वाटतं, हात फक्त मागून येतो. पन्नास तोळ्यांची साखळी मिरवत घरी आलेल्या रघूला पाहताना तिच्या नजरेत जी शंका होती, ती हळूहळू वाढत इथवर आलेली असते. संजय दत्तच्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम कामांत रघूची गणना होते. ती योग्यच आहे. पण त्याला मरताना बघायला समोर तेवढीच तोलामोलाची नटी होती, हे बोलताना लोक विसरतात.

त्याच वर्षी आलेला 'हम साथ साथ हैं' याच्या शेजारी ठेवून बघावा. त्यातली ममता मैत्रिणींचं ऐकून सावत्र मुलाला घराबाहेर काढते, कैकेयीच पुन्हा. दिग्दर्शक सूरज बडजात्यांच्या गोड जगात मला सगळ्यात रस वाटतो तो या बाईत, कारण तिथे तरी आई चुकते, आणि चुकताना तिला आपण बरोबरच आहोत असं वाटत असतं. एका वर्षात दोन आया, दोन्हींच्या हातून मुलाचा घात, आणि दोघींचे चेहरे एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत.

फिल्मफेअर पुरस्कारांच्या सहायक अभिनेत्रीच्या नामांकन यादीत त्यांचं नाव चार वेळा आलं: 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव'. पुरस्काराची बाहुली एकदाही घरी आली नाही. 'वास्तव'साठी तरी ती मिळायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

पुढचं थोडक्यात. झी मराठीवर 'तुझं माझं जमेना', पुन्हा सासू-सून. गजेंद्र अहिऱ्यांच्या 'अनुमती'त विक्रम गोखल्यांबरोबर जुन्या मैत्रिणीचं छोटं काम. कुणाची आई नसलेली, वय झालेली, मनाने मोकळी बाई त्या किती सहज करतात हे त्यात दिसतं, आणि असं काम आणखी का मिळालं नाही याचा रागही येतो. शेवटची मालिका 'नामकरण'. त्यातली दयावंती मेहता कठोर, सत्ता गाजवणारी. १७ मे २०१७ च्या संध्याकाळपर्यंत त्या तिच्या चित्रीकरणावर होत्या. १८ मेच्या पहाटे हृदयविकाराने गेल्या. साठीही झाली नव्हती. दयावंती अजून पुढे बरीच वाढली असती.

तुमच्या प्रश्नाला नेहमी एक शेपूट असतं: "मग आम्हाला आईची भूमिका आली तर घ्यायची का?" संहिता मागा. त्या बाईला त्या प्रसंगात स्वतःसाठी काय हवंय, हे दिग्दर्शकाला विचारा. उत्तर 'मुलाचं सुख' एवढंच आलं तर तुमच्या घरभाड्याचा हिशेब बघून ठरवा, त्यात कमीपणा काही नाही. रीमाताईंनीही अशा अनेक भूमिका केल्या आणि प्रत्येकीत जीव ओतला. पण उत्तर देवकीसारखं आलं, शांतासारखं आलं, तर वय विचारू नका, पांढरी बट लावा आणि उभ्या राहा.

आणि कुठून बघायला सुरुवात करू, असं म्हणत असाल तर सिनेमापासून नको. 'श्रीमान श्रीमती' २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवली होती, भाग आजही सापडतात. कुठलाही एक घ्या. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसून बघा. दुसऱ्यांदा बोलणाऱ्याकडे बघू नका, प्रसंगभर फक्त कोकीकडे बघा, विशेषतः तिला वाक्य नसेल तेव्हा. मग 'तू तू मैं मैं'चा एखादा भाग तसाच. 'वास्तव' त्यानंतर, आणि पुढच्या शिबिरात आपण खांद्यांबद्दल बोलू.