ताडपत्रीखालची चांदी

रंकाळ्याच्या कोपऱ्यावर पाऊस असा काही कोसळला, की पालखीवर निळी ताडपत्री टाकावीच लागली. चार महिने वर्गणी मागत फिरून साडेतीन किलो चांदीचा पत्रा मढवलेला, आणि रस्त्याकडेची माणसं नमस्कार करतायत ताडपत्रीला. मागनं एक म्हातारी म्हणाली, "झाका बाबांनो, देवाला सर्दी हुईल." आम्ही देवाचं नाही, पत्र्याचं बघत होतो. पण तिला कोण सांगणार?

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून नंदवाळला पायी दिंडी जाते. वाट दहा-बारा किलोमीटरची. ज्याला पंढरपूर जमत नाही, त्याचं हे प्रतिपंढरपूर. मी पंचवीसेक वर्षं चालतोय, पण रिकाम्या हातानं. यंदा पहिल्यांदाच आमच्या तालमीची, म्हणजे पेठेतल्या मंडळाची, स्वतःची पालखी होती, आणि ती का होती हे खजिनदार म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या तालमीत मोहरमला पीर बसतो. कोल्हापुरात त्याचं कुणाला नवल नाही. पेठापेठांतल्या तालमींत हिंदू पोरंच पीराचे पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची निशाणं, बसवतात, नवसाला मोहरमपुरते फकीर होतात, घरोघरी चोंगे, म्हणजे गोड पोळ्या, होतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर तर गणपतीच आहे. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, म्हणून २०१९ ला गणपती आणि पंजा एकाच मांडवात आले. त्या वर्षी आमच्यात भांडण झालं ते एवढ्यावरच, की माळा कुणाच्या बाजूला जास्त लागल्या. सरकत सरकत यंदा मोहरमचा दहावा दिवस बरोबर एकादशीवर येऊन बसला. सकाळी विठोबा, संध्याकाळी ताबुताचं विसर्जन.

मधल्या काळात शहराला काहीतरी झालं होतं. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कितीतरी गावांत मुसलमानांनी कुर्बानी पुढं ढकलली, दिवस निवांत गेला. पण निवांत दिवसाचा स्टेटस कोण ठेवतो?

फेब्रुवारीतल्या बैठकीत एक पोरगा उठला. "पीर बसवूया की, खरं त्याच दिवशी आपली पालखी त्यांच्यापेक्षा भारी निघाली पाहिजे." त्यांच्यापेक्षा! माझ्या आज्यापासून तालमीत बसणारा पीर त्या एका शब्दानं 'त्यांचा' झाला. मी काही बोललो नाही. नुसता गप्प बसलो असतो तरी बरं, मी पावतीपुस्तकं छापून आणली. शेजारच्या पेठेतल्या गणपतीला चांदीची प्रभावळ आहे, हे माझ्याही डोळ्यांत बरीच वर्षं सलत होतं. चांदी किलोला नव्वद हजाराच्या वर गेलेली, तरी लोकांनी दिले. शाळेची फी थकलेल्या माणसानंही अकराशे दिले, आणि मी घेतले.

काम हुपरीला टाकलं. पैंजण घडवणारं गाव, देवाच्या चांदीलाही तिथंच जायचं. जाताना पंजाही नेला, त्याचं एक बोट वाकलेलं. कारागिरानं आधी पंजा काट्यावर ठेवला, पाव किलोसुद्धा भरला नाही. त्यानं बोट सरळ केलं, पालखीचा हिशेब मांडला आणि विचारलं, "मजुरी एकाच पावतीवर लावू का वेगळी?"

"वेगळी," मी म्हणालो.

साने गुरुजी वसाहतीच्या पुढं पाऊस जरा ओसरला. रस्त्याला जागोजागी केळी, खिचडी, राजगिऱ्याचे लाडू. एका लाडवाच्या पुडीवर नेत्याचा फोटो, विठोबा त्याच्या खांद्याएवढा. हसलो आम्ही. पण नावं कुणाला ठेवायची? अंबाबाईला सोन्याची पालखी आपणच केली. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, त्याची किंमत आपण पेपरात आधी वाचतो आणि रंग मागनं.

त्या दिवशी दिंडीत एक विषय मात्र कुणी काढत नव्हतं. तीनच दिवसांपूर्वी, १४ तारखेला, विशाळगडच्या अतिक्रमणाविरोधातल्या मोर्चावेळी गजापुरात घरं फोडली होती, मशीद फोडली होती. व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होते. एरवी फुगडीला पुढं असणाऱ्या बायकाही जरा दबूनच चालत होत्या.

वीणेकरी आप्पा मध्येच, कुणाकडं न बघता म्हणाले, "देहूत तुकोबांची पालखी निघाली की अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबती."

बैठकीतला तो पोरगा पालखीला खांदा देऊन होता. "ते वेगळं ओ, आप्पा."

"काय वेगळं?"

तो उत्तर शोधत होता. तेवढ्यात टाळ सुरू झाले. सुटला बिचारा. मीही सुटलो.

पुईखडीच्या चढाला पालखीनं आपलं खरं वजन दाखवलं. लाकूड, पत्रा, वर पाणी साठलेली ताडपत्री. पन्नास पावलांवर खांदेकरी बदलत होतो. चांदीच्या दांड्याची नक्षी खांद्यात रुतते हे हुपरीत कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या दिंड्यांच्या साध्या लाकडी पालख्या शेजारून सरासरा वर गेल्या. माझा पुतण्या यंदा फकीर झालेला, गळ्यात रंगीत नाडा, तोही खांद्याला होता.

"उपास कुठला धरलायस रं?"

"काका, आता ते इचारू नका, दम लागलाय."

माळावर रिंगण झालं. अश्व चिखल उडवत धावला, बायकांनी टापांखालचा चिखल उचलून कपाळाला लावला. मीही लावला. तेवढी पाच-दहा मिनिटं पालखी खाली होती, आणि मला देव आठवला तो तेव्हा. नंदवाळला दर्शन झालं, कळसाला हात जोडले, टेंपोनं परतलो. पालखी टेंपोत चढवताना एका कोपऱ्याचा पत्रा उचकटला.

संध्याकाळी तालमीत ताबूत उचलायला माणसं कमी. सकाळच्या निम्म्या पोरांचे फोन लागत नव्हते. एकाचा लागला, तर पाय दुखतात म्हणाला. पेठेतले चाचा दरवर्षी ताबुतापुढं लोबानाचा धूर धरतात. ते दारात उभे होते, कुणाला हाक मारत नव्हते. आप्पा आले, दिवसभराच्या ओल्या धोतरानिशीच. पुतण्या होताच. चौथा मी.

उजवा खांदा सुजून वर आला होता, म्हणून डावा दिला. पंचगंगेपर्यंत बदली कुणी मिळालं नाही, लागलंही नाही. ताबूत हलका होता, कागद आणि कामट्यांचा.