सोफ्यामागची भिंत आणि आषाढातला समुद्र: चार बाय तीन फुटांचं चित्र घरच्या घरी

दहा फुटांच्या भिंतीवर दीड फुटाचं चित्र टांगलं की भिंत आणखीच रिकामी दिसते. सोफ्यामागे चित्र लावायचं असेल तर त्याची रुंदी सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश तरी हवी. तिघांचा सोफा सहा ते साडेसहा फुटांचा असतो, म्हणजे चित्र चार फुटांचं झालं. एवढं मोठं चित्र विकत घ्यायला गेलं की बजेट कोलमडतं. तेच घरी करायचं ठरवलं तर वखारीतलं लाकूड, जाड सुती कापड आणि भिंतीला लावायचा रंग, एवढ्यावर साधारण दीड ते दोन हजारांत काम होतं. गावागणिक थोडं इकडेतिकडे.

पण आधी समुद्र कुठला ते ठरवा. बाजारातल्या ‘बीच’ चित्रांत पाणी मोरपंखी असतं आणि वाळू पिठासारखी पांढरी. पांढऱ्या वाळूवर उथळ, नितळ पाणी असेल तिथे ते तसं दिसतंही. आपल्या कोकणात खाड्या गाळ घेऊन येतात, वाळूत काळ्या कातळाचा चुरा असतो, आणि काठाजवळचं पाणी हिरवट-करडं दिसतं. रत्नागिरीत तर एकाच गावात काळा समुद्रही आहे आणि पांढरा समुद्रही, दोन्ही नावं वाळूच्या रंगावरून पडलेली. आषाढातला समुद्र मला या कामासाठी सगळ्यात योग्य वाटतो. भरलेलं आभाळ, काळपट पाणी, काठाला गढूळ लाटा. यातले बहुतेक रंग चार स्वस्त स्टेनरमधून (भिंतीच्या पांढऱ्या रंगात मिसळायचे दाट रंग) निघतात. शिवाय ते आपल्या घरातल्या सागवानी किंवा तपकिरी फर्निचरशी जुळतात. मोरपंखी रंग तिथे उपरा वाटतो.

सांगाडा

पैसे वाचवायचे ते रंगात वाचवा, सांगाड्यात नको. चित्र कितीही सुरेख असलं तरी चौकट पिळली की ते भिंतीवर एका कोपऱ्यात उचललेलं दिसतं.

दीड इंच रुंद आणि एक इंच जाड पाइनच्या पट्ट्या घ्या. ४८ इंचांच्या दोन, आणि ३३ इंचांच्या तीन. आडव्या पट्ट्यांची रुंदी वर दीड आणि खाली दीड इंच धरली की उंची बरोबर ३६ इंच होते. तिसरी ३३ इंची पट्टी मधोमध उभी बसते. ती नसेल तर कापड ताणल्यावर वरची आणि खालची पट्टी आत बाक घेतात. एकूण सव्वासोळा फूट लागतं, पण वीस फूट घ्या, कारण गाठीचे तुकडे टाकून द्यावे लागतात. प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, टोकापासून टोकापर्यंत बघा. वाकडी दिसली तर परत ठेवा. ओल्या लाकडाची पट्टी आज सरळ असते आणि महिन्याभरात पिळते. हाताला गार आणि वजनाला जड लागली तर ती ओली आहे असं समजा.

कोपरे जोडताना पट्ट्या एकमेकींना टेकवून फेव्हिकॉल लावा आणि मागून ६ मिमी प्लायचे ४ इंची त्रिकोण बसवा, प्रत्येकाला चार छोटे स्क्रू. घट्ट करण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. या मापाची सोय अशी की चौकट गुण्यात (चारही कोपरे काटकोनात) असेल तर कर्ण नेमका ५ फूट, म्हणजे ६० इंच येतो. एक कर्ण मोठा आला तर त्या दोन कोपऱ्यांना आत दाबा आणि पुन्हा मोजा.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक गाळतात. चौकटीच्या पुढच्या बाजूला, अगदी बाहेरच्या कडेला, अर्धगोल बीडिंग पट्टी चिकटवा. चौदा फूट लागते. तिच्यामुळे कापड लाकडापासून थोडं वर उचललेलं राहतं. बीडिंग नसेल तर रंग लावताना ब्रशच्या दाबाने कापड पट्टीच्या आतल्या धारेला टेकतं आणि चित्रात आयताकार रेघ उमटते. मधल्या पट्टीची तर आभाळाच्या ऐन मध्यावर उभी रेघ येते. ती रंगाने झाकता येत नाही.

कापड

जाड मांजरपाट किंवा पिशव्यांचं कॅनव्हास कापड चालतं. पन्हा किमान ४८ इंच हवा, लांबी १६० सेंमी. गरम पाण्यात धुऊन वाळवा. खळ निघाली नाही तर रंग काही ठिकाणी शोषला जातो आणि काही ठिकाणी वरच राहतो, मग आभाळात डाग दिसतात. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून माप सुरुवातीलाच जास्त धरलंय. इस्त्री करून ५६ बाय ४४ इंच कापा, म्हणजे चारही बाजूंना ४ इंच उरतात.

ताणायला टॅकर (पिना मारायचं यंत्र) किंवा बारीक खिळे वापरा. वरच्या बाजूच्या मध्यावर एक पिन, मग खालच्या मध्यावर, मग डाव्या-उजव्या. तिथून कोपऱ्यांकडे जा, प्रत्येक वेळी समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने, दोन-दोन इंचांवर. एक बाजू सलग पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर कापडाचे धागे तिरके ओढले जातात आणि कोपऱ्यात तिरप्या सुरकुत्या पडतात. समुद्राजवळ राहत असाल तर पिना गॅल्व्हनाइज्ड घ्या. साध्या पिनांचा गंज खाऱ्या हवेत कापडातून पुढे झिरपतो.

अस्तर आणि रंग

चित्रकारांचं जेसो, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायचं तयार अस्तर, महाग पडतं. त्याऐवजी बाहेरच्या भिंतीचा पांढरा ॲक्रिलिक इमल्शन १ लिटर घ्या. आतल्या भिंतीच्या रंगापेक्षा त्याचा थर जास्त लवचीक असतो आणि त्यात बुरशीरोधक असतं. डिस्टेंपर घेऊ नका, तो हाताला लागतो. वॉल पुट्टीही कापडावर नको. ती कडक होते आणि कापड हललं की तडकते.

पहिला हात: इमल्शनमध्ये साधारण एक तृतीयांश पाणी घालून, कापडात मुरेल असा. चार तासांनी दुसरा हात, कमी पाण्याचा, आधीच्या हाताला आडवा. दोन्हींना मिळून ३०० मिलीच्या आसपास रंग लागतो. वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा.

बाकीच्या रंगांसाठी स्टेनर: काळा, निळा, यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड. स्टेनरमध्ये स्वतःचा बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा घटक, नसतो. जास्त गडद करायच्या नादात तो ओतत राहिलात तर रंग वाळतच नाही, चिकट राहतो आणि बोटाला येतो. १०० मिली इमल्शनला ३-४ मिलीच्या वर जाऊ नका. म्हणूनच पांढऱ्या इमल्शनमधून खराखुरा गडद रंग कधी मिळत नाही. समुद्रासाठी विद्यार्थी दर्जाच्या ॲक्रिलिकच्या दोन ट्यूब वेगळ्या घ्या, प्रुशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर. ट्यूबवर एवढाच खर्च पुरे.

क्षितिज कुठे

खऱ्या समुद्राचं क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. खडकावर चढा किंवा वाळूत बसा, ते तुमच्याबरोबर वर-खाली होतं. चित्र भिंतीवर एकाच जागी राहणार, म्हणून क्षितिजाची उंची टांगण्याच्या उंचीवरून ठरवा. सोफ्याची पाठ ३४ इंच, तिच्यावर ८ इंच जागा सोडली तर चित्राची खालची कड ४२ इंचांवर येते. क्षितिज खालून १४ इंचांवर घेतलं तर ते जमिनीपासून ५६ इंचांवर पडतं. बसलेल्या माणसाचे डोळे ४५ इंचांच्या आसपास, उभ्याचे ५८-६०. म्हणजे दोघांनाही ते पटतं. क्षितिज चित्राच्या वरच्या भागात घेतलं तर ते ६६ इंचांवर जातं आणि समुद्र पाण्याच्या भिंतीसारखा समोर उभा राहतो.

तेव्हा वरून २२ इंच आभाळ, मग ८ इंच समुद्र, खाली ६ इंच वाळू.

आभाळ

हा सगळ्यात मोठा भाग, आणि घाई केली तर इथेच बिघडतं. आधी तीन रंग तीन डब्यांत तयार ठेवा. श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. गडद: १५० मिली पांढऱ्यात काळ्याचे १५ थेंब, निळ्याचे ६, रेड ऑक्साइडचा १ थेंब. मधला: या गडदातला अर्धा काढून त्यात तेवढाच पांढरा. फिका: पांढऱ्यात यलो ऑक्साइडचे २ थेंब आणि मधल्यातला एक चमचा. स्टेनरची तीव्रता कंपनीगणिक वेगळी, म्हणून थेंब एकदम घालू नका. अस्तर लावलेल्या पुठ्ठ्यावर प्रत्येक रंग लावून पूर्ण वाळवून बघा. इमल्शन वाळल्यावर ओल्यापेक्षा थोडं गडद दिसतं. रंग उरेल इतका बनवा, कारण संपल्यावर तीच छटा दुसऱ्यांदा जमवणं फार अवघड असतं.

पंखा बंद करा. कापडावर स्प्रेने अगदी हलकं पाणी मारा. ४ इंची ब्रशने वर गडद, मध्ये मधला, क्षितिजाजवळ फिका, असे आडवे पट्टे एकामागून एक लावा, आणि ते ओले असतानाच दुसऱ्या कोरड्या ब्रशने सांधे आडवे पुसत मिसळा. रंग ओढायला लागला की थांबा. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरवला तर तो सोलतो. कमी पडलं तर पूर्ण वाळू द्या आणि दुसरा हात मारा.

ढग कापडाच्या बोळ्याने करा. गडद रंग घेऊन टिपत जा. ढगाची खालची बाजू सपाट आणि गडद, वरची फुगीर आणि फिकी. पावसाची सर दाखवायची असेल तर एका ढगाखाली ओला ब्रश तिरका खाली ओढा, क्षितिजाच्या पुढेपर्यंत.

पाणी आणि वाळू

आभाळ २४ तास वाळू द्या. त्याआधी मास्किंग टेप लावलात तर ती आभाळाचा रंग सोबत घेऊन निघते. दोन्ही कडांना खालून १४ इंच मोजून टेप लावा. मग टेपच्या खालच्या कडेवर आभाळाचाच फिका रंग एकदा फिरवा. टेपखाली जे झिरपायचं ते आभाळाच्या रंगाचं झिरपतं आणि रेघ स्वच्छ येते. क्षितिज अर्धा इंच जरी तिरपं गेलं तरी ते बघणाऱ्याला खटकत राहतं.

क्षितिजालगत पाणी सर्वात गडद: प्रुशियन ब्लू, बर्न्ट अंबर आणि थोडा पांढरा. पुढे येताना त्यात यलो ऑक्साइड वाढवत जा, म्हणजे हिरवट होत होत काठाला मातकट होतं. टेप रंग ओला असतानाच काढा. जिथे पावसाची सर आहे तिथे क्षितिजाची रेघ ओल्या ब्रशने पुसून टाका. रेघ टोकापासून टोकापर्यंत सारखीच ठळक राहिली तर चित्र पोस्टरसारखं दिसतं.

लाटांच्या ओळी क्षितिजाजवळ पाव इंचावर आणि अगदी बारीक, काठाला येईपर्यंत दोन इंचांवर आणि तुटक. सारख्या अंतरावर काढल्या तर खोली मरते. फेसाला निव्वळ पांढरा वापरू नका. आभाळाच्या मधल्या रंगाचा एक थेंब मिसळा, आणि कोरा पांढरा फक्त फुटणाऱ्या लाटेच्या माथ्यावर दोन-चार ठिकाणी ठेवा. फेसाच्या पुढच्या कडेखाली बारीक गडद सावली द्या, नाहीतर फेस वाळूवर चिकटवल्यासारखा दिसतो.

फेस आणि कोरडी वाळू यांच्यामध्ये ओल्या वाळूचा पट्टा असतो. तो कोरड्या वाळूपेक्षा बराच गडद असतो आणि त्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं. वाळूच्या गडद रंगावर आभाळाचा मधला रंग पातळ करून उभा ओढा, मग एकदाच आडवा पुसा. हा दोन इंचांचा पट्टा नीट जमला तर आख्खं चित्र खरं वाटतं. बहुतेक किनारे इथेच फसतात, वाळूला एकच रंग मारून.

कोरड्या वाळूला पोत हवा असेल तर ३ भाग इमल्शनमध्ये १ भाग वाळू मिसळून दोन पातळ हात द्या. वाळू बांधकामावरची, चहाच्या गाळणीतून काढून, धुऊन वाळवलेली. किनाऱ्यावरची आणू नका. एकतर किनारपट्टीवर वाळू उपशाला बंदी आहे, आणि तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे काही दिवसांनी रंगावर पांढरे फुलोरे येतात.

वर वॉर्निशची गरज नाही. चकचकीत थर दिला तर ट्यूबलाइटचा पट्टा चित्रात दिसत राहतो.

टांगताना

सगळं मिळून वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ३२ इंच अंतरावर ६ मिमीची दोन भोकं, गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) आणि दीड इंची स्क्रू पुरेत. चिऱ्याची भिंत असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, जांभा भुगा होऊन भोक मोठं होतं. तिथे ८ मिमीची लांब गिट्टी आणि अडीच इंची स्क्रू घ्या.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, नैर्ऋत्येचा पाऊस तिलाच झोडपतो आणि ओल आत येते. आतली भिंत निवडा, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे लाकडी तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते. लाकडाला मागून उरलेल्या इमल्शनचा हात द्या, पण कापडाची मागची बाजू कोरी ठेवा. पुढेमागे कापड सैल पडलं तर तिथेच मागून स्प्रेने थोडं पाणी मारायचं असतं. वाळताना ते पुन्हा ताणून बसतं.