व्हायरल लिलावातली खोटी बोली

फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात एचपी-९९-९९९९ हा स्कूटीचा नंबर ऑनलाइन लिलावात निघाला. मूळ किंमत १,००० रुपये, बोली पोचली १ कोटी १२ लाखांवर. देशभर बातमी झाली, पण पैसे भरायची वेळ आली तेव्हा सर्वांत मोठी बोली लावणारा आलाच नाही. आकडा टाकायला काही पैसे पडत नाहीत, तिथे असंच होतं.

आपल्या वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतून कपाट आवरताना गायकवाडी पैसे, म्हणजे बडोदा संस्थानची जुनी तांब्याची नाणी, निघतात. कोणीतरी फोटो काढून ईबे या लिलावाच्या वेबसाइटवर किंवा संग्राहकांच्या फेसबुक ग्रुपवर टाकतं, पोस्ट पसरते आणि दोन तासांत बोली हजारांत जाते. घरचे हरखतात. खरं काम तिथूनच सुरू होतं.

आधी हे समजून घ्या, की ईबेवर एकटा माणूस बोली फार चढवू शकत नाही. तिथे प्रत्येक जण आपली कमाल रक्कम टाकतो आणि दिसणारी किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेहून फक्त एक पायरी वर असते. म्हणजे किंमत वेड्यासारखी वाढली असेल, तर निदान दोन खोटी खाती आहेत असं धरा. आकडे रुपयांत घेऊ. दोन खरे ग्राहक आहेत, कमाल १,९०० आणि २,२००. त्यावर दोन खोटे येतात, ४८,००० आणि ५०,०००. किंमत दिसते ४८,००० च्या थोडी वर. तुम्ही फक्त पहिल्या क्रमांकाची बोली रद्द केलीत, तर किंमत घसरून २,२०० च्या जरा वर येते. वाटतं, आता सगळं जागेवर आलं. पण पहिल्या नंबरावर अजून ४८,००० वालाच बसलेला असतो आणि तो पैसे देणार नाही. दोन्ही बोल्या रद्द करा, दोन्ही खाती ब्लॉक करा. मगच २,२०० वाला खरा ग्राहक १,९०० च्या वर उभा राहतो.

सगळे खोटे बोलीदार गंमत म्हणून येत नाहीत. एक जुनी युक्ती दोघांची असते. पहिला माफक बोली लावतो, दुसरा लगेच अवाच्या सवा. बाकीचे पाहून निघून जातात. शेवटी दुसरा आपली बोली मागे घेतो आणि वस्तू पहिल्याला मातीमोल भावात जाते. ईबेवर शेवटच्या १२ तासांत बोली लावल्यापासून एका तासाच्या आतच ती मागे घेता येते. त्यामुळे ही माघार बहुतेक वेळा १२ तास उरण्याच्या जरा आधी होते. त्या सुमारास बोल्यांचा इतिहास उघडून बघाच. आणि सुरुवातीची किंमत अशी ठेवा, की त्या भावात वस्तू गेली तरी चालेल. एक रुपयापासून सुरू केलेला लिलाव या जोडीला आयताच सापडतो.

आपल्याच भावाला, मित्राला बोली लावायला सांगणं हीही फसवणूकच. २००० साली ईबेवर २५ सेंटपासून सुरू झालेलं एक चित्र १,३५,८०५ डॉलरवर गेलं. विक्रेत्यानेच दुसऱ्या खात्यावरून बोली लावल्याचं उघड झालं, विक्री रद्द झाली आणि खटला उभा राहिला.

फेसबुक ग्रुपवर कमेंटमध्ये बोली चालते, तिथे यंत्रणा काहीच नाही. नियम पोस्टमध्येच लिहा. लिलाव कधी संपणार ती वेळ; शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटं पुढे; कमेंट पुसली किंवा बदलली तर बोली बाद; आणि तुम्ही ठरवलेल्या आकड्यापुढे बोली लावायची तर आधी १० टक्के अनामत. अनामत मागितली की निम्मे गळतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दर तासाला स्क्रीनशॉट ठेवा.

आता गायकवाडी पैशाबद्दल. सयाजीराव महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर १९४९ असं साल दिसलं तर ते विक्रम संवत आहे, म्हणजे इसवी सन १८९२च्या आसपासचं. इसवी सन समजून वर्णन लिहिलंत तर जाणकार ग्राहक दूर राहतो आणि टवाळ जवळ येतात. त्याहून गंभीर म्हणजे, १९७२च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, नाणंसुद्धा नाही. परदेशातली बोली कितीही खरी असली तरी ती घेऊ नका. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या नोंदीत, ‘फक्त भारतात पाठवू’ असंच ठेवा.

पोस्ट पसरली की फोनही येतात: ‘लाखभर देतो, आधी कमिशन भरा’. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन जुन्या नाण्यांसाठी शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं होतं. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लिलाव जिंकणाऱ्याने ईबेवर चार दिवसांत पैसे भरले नाहीत तर पाचव्या दिवशी ऑर्डर रद्द करून त्याच्या नावावर न भरल्याची नोंद पडू द्या. मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला वस्तू देऊ करा, पण त्याची कमाल बोलीही खोट्यांच्या चढाओढीत फुगलेली असू शकते, तेवढं तपासून. पुन्हा लिस्टिंग टाकायची वेळ आली तर वर्णनात ‘मागच्या वेळी ५०,००० बोली आली होती’ असं लिहू नका. त्या आकड्याला खरे ग्राहक बिचकतात आणि खोटे पुन्हा गोळा होतात. वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो, एवढंच द्या.