यीस्टची अ‍ॅलर्जी, आणि तरी उंडे?

यीस्टची अ‍ॅलर्जी असून मी उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, कसे खातो असे तुम्हीही विचारलेत म्हणून लिहितो. पावसाळा लागला आणि माझी मान लाल दिसू लागली की शेजारच्या वहिनी हटकून विचारतात, "भाऊ, तुम्हाला यीस्टची अ‍ॅलर्जी ना? मग पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंपों भोंगा ऐकला की उंडे घ्यायला कसे धावता?"

सगळा घोटाळा 'यीस्ट' या एका शब्दाने केला आहे. पाव फुगवणारे यीस्ट निराळे, आणि ते भट्टीतच मरते. माझ्या रक्तात ज्याच्याविरुद्ध आयजीई (अ‍ॅलर्जीत तयार होणारी) प्रतिपिंडे सापडली ते मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट खाण्यातून येत नाही; ते माणसाच्या कातडीवरच राहते, माझ्या तसेच वहिनींच्याही. बाळ जन्मल्यावर काही आठवड्यांतच ते त्याच्या अंगावर वस्तीला येते. मेदाम्ले, म्हणजे तेला-चरबीचे घटक, स्वतः तयार करणे त्याला जमत नसल्यामुळे ते डोके, चेहरा, मान अशा तेलकट जागा धरून असते. प्रयोगशाळेत वाढवायचे तरी त्याला ऑलिव्ह तेलासारखे काही स्निग्ध पुरवावे लागते.

मग त्रास मलाच का? माझ्यासारख्या इसब असलेल्यांच्या त्वचेचा वरचा थर अभेद्य राहत नाही, त्यातून या यीस्टची प्रथिने आत शिरतात आणि अ‍ॅलर्जीकडे कल असलेले शरीर त्यांना शत्रू ठरवते. त्यातली काही प्रथिने माणसाच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर स्वतःवरही उलटू शकते. शिवाय अशा त्वचेची आम्लता घटलेली असते, आणि सामू (पीएच) ५.५ वरून ६ कडे सरकला की हे यीस्ट अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्ये जास्त सोडते, असे प्रयोगांत दिसले आहे. हे ठाऊक नव्हते तेव्हा घामाने चिकट झालेली मान मी दिवसातून तीनदा कपडे धुण्याच्या साबणाने घासत असे. साबण अल्कधर्मी, म्हणजे आगीत तेल मीच ओतत होतो.

वहिनींचा संशय अगदीच निराधार नाही. निरनिराळ्या यीस्टांची काही प्रथिने सारखी असल्याने पावाच्या यीस्टची चाचणीही कधीकधी होकारार्थी येते, आणि माझी पुसटशी आलीच होती. म्हणून डॉक्टरांना विचारून दोन आठवडे पाव बंद ठेवला, मग पुन्हा सुरू केला. मान होती तशीच राहिली. फरक पडला तो बुरशीविरोधी मलमाने आणि साबण बदलल्याने.