आयोवातला वस्ताद

सप्टेंबर ते नोव्हेंबर, गावात सामना असेल त्या शनिवारी गाडी बाहेर काढायची नाही, हे मला इथल्या पहिल्याच मोसमात कळलं. आयोवा सिटी हे अमेरिकेतलं जेमतेम पाऊण लाख वस्तीचं गाव, आणि त्यातल्या आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये माणसं मावतात एकोणसत्तर हजार! सगळी काळ्या-पिवळ्या कपड्यांत. खेळ फुटबॉल, म्हणजे आपला नव्हे. चेंडू बगलेत मारून पळतात तो.

पहिलं वर्षभर मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी एक युक्ती सांगितली: चेंडूकडे बघूच नकोस, पुढच्या पाच जणांचे पाय बघ.

हे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. एकेक गडी सव्वाशे-दीडशे किलोचा. चेंडू यांच्या वाट्याला जवळपास येतच नाही. समोरून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं आणि मागच्याला पळायला वाट करून द्यायची, एवढंच काम. मैदानात माइकवरून यांचा नंबर ऐकू येतो तो बहुधा यांनी चूक केल्यावर.

मी कोल्हापूरची. आजोबांचं बोट धरून तालमीत गेलेली. एक हात जमिनीला टेकवून, पाठ सपाट करून बसलेले ते पाच जण पाहिले आणि एकदम ओळख पटली. हा पवित्राच की! हात समोरच्याच्या हातांच्या आतून घालायचे, कंबर त्याच्यापेक्षा खाली ठेवायची, पाय थांबू द्यायचे नाहीत. आयोवा हा कुस्तीवेडा मुलूख आहे हेही नंतर समजलं. इथून पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेलेले ट्रिस्टन वर्फ्स आणि टायलर लिंडरबॉम शाळकरी वयात एकमेकांशी कुस्ती खेळले होते.

या पाच जणांना घडवणारा स्वतंत्र कोच असतो. त्याला मी मनातल्या मनात वस्तादच म्हणते.

इथले मुख्य कोच कर्क फेरेंट्स मुळात याच पेशातले. १९८१ मध्ये पंचविशीत ते इथे लाइन कोच म्हणून आले आणि नऊ मोसम राहिले. मग मेन राज्याच्या विद्यापीठात तीन वर्षं मुख्य कोच. तिथून क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाच्या लाइनचं काम. १९९६ मध्ये मालकाने तो अख्खा संघच बाल्टिमोरला हलवला, त्याबरोबर यांचंही बिऱ्हाड हललं. या पेशात घरातली खोकी पूर्ण उघडायची सोय नसते. मुख्य कोच गेला की त्याच्या हाताखालचे बहुतेक सगळे घरी, मग त्यांची लाइन कितीही चांगली असो.

१९९९ मध्ये फेरेंट्स आयोवाला मुख्य कोच होऊन परतले. पहिल्या वर्षी एक विजय, दहा पराभव. आपल्याकडे पुतळे जाळले असते. इथे लोक थांबले, आणि २००२ मध्ये बिग टेन या लीगमध्ये संघ एकदाही हरला नाही. आज ते राज्याच्या तिजोरीवरचे सर्वांत जास्त पगाराचे नोकर आहेत. प्राध्यापक मंडळी यावर काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

मला भावतं ते वेगळंच. नामांकित पोरं मोठमोठ्या संघांकडे जातात, मग फेरेंट्स आडगावची पोरं उचलतात आणि त्यांची जागा बदलतात. रॉबर्ट गॅलरी टाइट एंड म्हणून, म्हणजे चेंडू झेलायच्या आशेने आला होता. त्याला टॅकल केलं. ब्रँडन शर्फ शाळेत काही काळ क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, होता! लाइनमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी आउटलँड ट्रॉफी या दोघांनी २००३ आणि २०१४ मध्ये आणली.

फेरेंट्स यांचे गुरू जो मूर. पिट्सबर्गजवळच्या शाळेत मूर त्यांचे कोच होते. पुढे मूर पिट्सबर्ग आणि मग नोत्र दाम विद्यापीठात लाइन कोच झाले. १९९६ च्या अखेरीस, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, नव्या मुख्य कोचने त्यांना काढून टाकलं. मूर कोर्टात गेले. वयावरून भेदभाव झाला, असा निकाल ज्यूरीने १९९८ मध्ये त्यांच्या बाजूने दिला. २००३ मध्ये ते वारले. आता त्यांच्या नावाने देशातल्या सर्वोत्तम लाइनला पुरस्कार मिळतो, तोही एकट्यादुकट्याला नाही, सगळ्या लाइनला मिळून. ट्रॉफी सुमारे ३६० किलोची! २०१६ मध्ये ती आयोवाकडे आली.

पण वस्तादाचा पोरगा वस्ताद होतोच असं नाही. ब्रायन फेरेंट्स वडिलांच्याच संघात लाइनमध्ये खेळला, पुढे लाइन कोच झाला, तिथवर ठीक. मग त्याच्याकडे सगळ्या आक्रमणाची सूत्रं दिली आणि गाडं रुतलं. २०२३ मध्ये त्याच्या करारातच लिहिलं गेलं की सामन्यामागे सरासरी पंचवीस गुण हवेत. संघ सोळाच्याही आत राहिला. मोसम संपण्याआधीच त्याची गच्छंती जाहीर झाली. गंमत म्हणजे त्या वर्षी संघाने दहा सामने जिंकले, बचाव आणि टोरी टेलर या ऑस्ट्रेलियन पंटरच्या, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवणाऱ्याच्या, जोरावर. घराणेशाहीवर मी शेजाऱ्यांना आपल्याकडचे चार किस्से सांगितले. त्यांना बरं वाटलं.

मागच्या मोसमात बाबांना व्हिडिओ कॉलवर सामना दाखवला. फोन टीव्हीसमोर धरला, चेंडूचं काहीच सांगितलं नाही. तीन-चार डाव ते गप्प होते.

"हे पाचही गडी एकदम डावा पाय टाकून डावीकडंच का सरकायलेत?" त्यांनी विचारलं.

"डाव तिकडंच चाललाय, बाबा. मागचा पळणारा त्यांच्या आडून फट शोधतोय."

"म्हणजे लेझीमच की गं," बाबा म्हणाले. "तो कडेचा एक ताल चुकतोय बघ."

पुढच्याच डावात त्या कडेच्याचा नंबर माइकवर पुकारला गेला.