हत्ती बघूक आफ्रिकेक

२४ सप्टेंबर, रात्र
व्हिक्टोरिया फॉल्स, झिम्बाब्वे

निघायच्या आधी दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "हत्ती बघूक आफ्रिकेक कित्याक व्हया? माझ्या बागेत येवन रव, फुकट दिसतले."

दादाची बाग सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, तिलारीच्या बाजूला. २००२ साली कर्नाटकातून हत्ती तिकडे उतरले. तेव्हापासून माझ्या माहेरी गणपतीच्या मखराबाहेर हत्तीचं कौतुक कोणी करत नाही. केळी, माड, पोफळी, वर्षावर्षाची मेहनत एका रात्रीत आडवी. त्यामुळे सकाळी सातला गाडीत बसताना मला थोडी लाजच वाटत होती. हत्ती बघायला आपण पैसे मोजतोय! ह्यांना तसलं काही नव्हतं. हे सोलापूरचे, हत्ती त्यांना फक्त सर्कशीतला ठाऊक.

आजचा बेत म्हणजे झिम्बाब्वेतून सकाळी निघायचं, सीमा ओलांडून बोट्स्वानात शिरायचं, दुपारपर्यंत चोबे नदीत बोट, जेवण, मग उघड्या गाडीतून जंगल आणि संध्याकाळी परत. एका दिवसात परदेशातून परदेशात जाऊन यायचं. चिरंजीव जोहान्सबर्गला नोकरीला, हे सगळं त्यानेच ठरवलेलं.

काझुंगुलाची सीमा ७० किलोमीटरवर. शिक्के मारून झाल्यावर बोट्स्वानाच्या बाजूला एक गंमत होती. औषधात भिजवलेल्या पायपुसण्यावर बूट घासायचे, बॅगेत दुसरे जोड असतील तर तेही काढून बुडवायचे. माझ्या बॅगेत चपला होत्या, त्यांनाही आंघोळ घडली. गाडीची चाकंसुद्धा उथळ हौदातून जातात. का, तर लाळ्या-खुरकूत. बोट्स्वाना युरोपला गोमांस विकतो, आणि शेजारच्या देशातून रोग आपल्या गुरांपर्यंत येऊ नये म्हणून ही सगळी व्यवस्था. आमच्या गोठ्यात साथ आली की आई दारात चुन्याची रेघ मारायची, ते आठवलं.

लांबून काझुंगुलाचा पूल ओझरता दिसला. २०२१ मध्ये सुरू झाला, ९२३ मीटर लांब, आणि वाकडा. झाम्बिया आणि बोट्स्वाना यांची सामाईक हद्द जेमतेम दीड-दोनशे मीटरची. झिम्बाब्वेच्या हद्दीत न शिरता पलीकडे पोचायचं म्हणून पूलच वाकवला. आधी ट्रक फेरीबोटीसाठी दिवसेंदिवस रांगेत उभे असायचे म्हणे.

कसाने गावात बोटीवर गाइडने हात पुढे केला, "दुमेला, मा." बाईला मा, पुरुषाला रा. ह्यांना "दुमेला, रा" म्हटल्यावर त्यांनी "राम राम" असं उत्तर दिलं. दोघंही खूश. चिरंजीवाने बाटलीबंद पाण्याचे पैसे दिले, तेव्हा इथल्या नाण्याचं नाव कळलं: पुला. पुला म्हणजे पाऊस. बहुतेक देश कलहारीच्या वाळूत, म्हणून पावसालाच पैसा म्हणतात. दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या ह्यांना ते इतकं पटलं की दिवसभर "किती पाऊस झाला?" असंच विचारत होते.

बोट म्हणजे वर छत, बाजूंनी मोकळी, सपाट तळाची. पहिली पंधरा मिनिटं नुसती पाखरं. त्यातला कवड्या खंड्या तर आपलाच, अगदी तिलारीच्या कालव्यावर दिसतो तसा, पाण्यावर एका जागी फडफडत थांबणारा. मग मगर, वाळूवर तोंड उघडं टाकून. मग पाणघोडे, नुसते कान आणि डोळे. पाणघोडा खरं तर पोहत नाही, तळावर चालतो, हे मला आजच कळलं. दिवसभर पाण्यात मुरायचं आणि रात्री बाहेर पडून चरायचं. म्हणजे दादाच्या हत्तींसारखीच रात्रपाळी.

नदीच्या मधोमध सेडुडू नावाचं बेट आहे. झाड नाही, घर नाही, सपाट गवत आणि बोट्स्वानाचा निळा झेंडा. पावसाळ्यानंतर नदी फुगली की बरंचसं पाण्याखाली जातं. या गवतासाठी नामिबिया आणि बोट्स्वाना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १८९० साली इंग्रज आणि जर्मन यांनी तह करून हद्द लिहिली, "नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून". आता मुख्य प्रवाह कुठला, बेटाच्या उत्तरेचा की दक्षिणेचा, हे त्यांनी लिहिलंच नाही. १९९९ च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला, उत्तरेचा. बेट बोट्स्वानाचं झालं. आमच्याकडे व्हाळाने पात्र बदललं की दोन भावांत जो दिवाणी दावा लागतो, तोच हा, फक्त कज्जेदार देश. निकालात नामिबियाच्या माणसांचीही बेटाभोवती नाव न्यायची मोकळीक राखली आहे, हे मला बरं वाटलं. हत्तींना त्या निकालाची गरज नव्हतीच.

कारण तेवढ्यात ते आले. दक्षिणेच्या काठावरून अकरा हत्ती पाण्यात उतरले आणि बेटाकडे निघाले. आधी पोटापर्यंत, मग पाठीपर्यंत, मग नुसत्या सोंडा वर. दोन मोठ्या हत्तिणींच्या मध्ये एक पिल्लू होतं, त्याची सोंड मधूनच बुडायची आणि पुन्हा वर यायची. बोटीवर कोणी बोलत नव्हतं. गाइडने इंजिन बंद केलं होतं, पाणी तळाला थापट्या मारत होतं तेवढाच आवाज. काठाला लागल्यावर पिल्लू चिखलात दोनदा घसरलं आणि मागून आईने कपाळाने ढकललं. ह्यांनी माझा हात धरला होता, हे नंतर लक्षात आलं.

पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्या एका हत्तीबद्दल. बेटाच्या कडेला एकटा टस्कर चरत होता. बोट त्याच्यापासून दहा-बारा मीटरवर येऊन थांबली. आम्ही पाण्यात खाली, तो वर, त्यामुळे त्याचे पाय डोळ्यांसमोर. तो पुढच्या पायाच्या नखांनी गवताच्या बुंध्याला लाथ मारायचा. एक, दोन, तीन. गवत सुटलं की सोंडेने मूठभर गुंडाळायचा, उचलायचा आणि लगेच तोंडात न घालता पायावर आपटायचा. फट, फट. माती झडायची. मग पाण्यात एकदा खळबळवायचा, पुन्हा फट, आणि मग तोंडात. दर घासाला हेच, कंटाळा न करता, घाई न करता.

हे मी शंभर वेळा बघितलंय. आषाढात भाताचा तरवा काढताना आमच्या बायका हेच करतात. रोपांची मूठ उपटायची, पायावर आपटून चिखल झाडायचा, पाण्यात खळबळवायची, जुडी बांधून मागे टाकायची. आई करायची, वहिनी अजून करते. लय तीच. कमरेत वाकून तासन्‌तास काम करणाऱ्याची.

गाइडला विचारलं, माती का झाडतो? तो म्हणाला, दातांसाठी. हत्तीला जन्मात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की पुढचा. सहावा झिजला की चावता येत नाही, आणि म्हातारा हत्ती उपाशी मरतो. वाळू खाल्ली तर दाढा लवकर झिजतात. म्हणजे तो जी फट फट करत होता, ती आयुष्य वाढवायची खटपट होती.

मग मी त्याला दादाचं सांगितलं. भारतात आमच्या घरी हत्ती बाग मोडतात, फटाके आणि मशाली घेऊन जागावं लागतं. तोवर तो रोजचं पाठ केलेलं बोलत होता, ते ऐकल्यावर बोटीच्या काठावर नीट बसला. त्याची आई चोबेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेच्या एका गावात राहते, ज्वारी आणि मका करते. मागच्या हंगामात तीन रात्रींत शेत गेलं. सरकार भरपाई देतं, पण कधी मिळेल ते विचारू नका, म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे पण तसंच. हसला.

या देशात हत्ती किती, तर २०२२ च्या मोजणीत सुमारे १ लाख ३२ हजार. जगात कुठल्याच देशात इतके नाहीत. माणसं साधारण २४ लाख. अठरा माणसांमागे एक हत्ती. मी मनात हिशोब केला, या दराने सिंधुदुर्गात ४७ हजार हत्ती पाहिजेत. आहेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेवढ्यांनी तालुका जागा ठेवलाय. इथे २०१४ मध्ये शिकार बंद केली, २०१९ मध्ये पुन्हा उघडली. शिकारीच्या मुंडक्यांच्या आयातीवर जर्मनीने बंधनं आणायचं काढलं, तेव्हा २०२४ मध्ये इथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले, तुम्हाला २० हजार हत्ती भेट देतो, जमतंय का बघा. गाइड म्हणाला, "पाठवायचे तर आधी आमच्या आईच्या शेतातले पाठवा." मला शिकार पटत नाही. पण हत्तीला "भव्य" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी रात्री अडीच वाजता मोडणाऱ्या माडाचा आवाज ऐकावा, असंही वाटतं. ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत.

त्याच्या आईने आता मिरचीच्या विटा सुरू केल्यात. शेणात मिरचीची पूड आणि पाणी कालवायचं, साच्यात थापून उन्हात वाळवायचं आणि रात्री वाऱ्याच्या दिशेला धुमसत ठेवायचं. धूर नाकाला झोंबतो आणि हत्ती वळतो. प्रत्येक वेळी वळतोच असं नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

जेवण ठीक. भोपळ्याची भाजी आणि मक्याचा घट्ट उकडा, ह्यांनी त्यावर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी घातली.

दुपारची गाडीची सफर. सफारी हा शब्द स्वाहिलीतला, आणि स्वाहिलीत तो अरबी "सफर"वरून आला. म्हणजे गाडीची सफर म्हणण्यात माझी काही चूक नाही, मूळचाच शब्द वापरतेय. पायऱ्यांसारख्या चढत्या बाकांची उघडी गाडी, खाली खोल वाळू, दर वळणावर पाठीचा एकेक मणका मोजून मिळतो. इंपाला इतके की पाचव्या मिनिटानंतर कोणी मान वळवेना. जिराफ पुढचे पाय फाकून पाणी पीत होता, ते मात्र बघत राहिले. आणि मग कोणीतरी समोरून येताना काहीतरी बोललं, आमच्या ड्रायव्हरने गिअर टाकला, आणि मला ताडोबा आठवलं. तीच धावपळ, तीच धूळ. एका झुडपाभोवती नऊ गाड्या. झुडपात सिंह. म्हणजे एक कान आणि शेपटीचा गोंडा. वीस मिनिटं आम्ही त्या कानाकडे बघितलं. ह्यांच्या फोनमध्ये त्या झुडपाचे चौतीस फोटो आहेत. बोटीवर कोणीच कोणाला मागे टाकत नव्हतं. गाडीत बसलं की माणसाला कुठेतरी पोचायचंच असतं.

परतताना कळपाने रस्ता अडवला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पुढची हत्तीण थांबली, कान पसरले, डोकं हलवलं. पाच मीटर असेल. तिच्या गालावरच्या सुरकुत्यांत वाळलेला चिखल दिसत होता. तेव्हा मला कौतुक वगैरे काही वाटलं नाही. आमच्या ओटीवरचा कंदील आठवला, आणि वहिनी मुलांना माजघरात ओढून कडी घालते तो आवाज. मग तिने कान मिटले आणि सगळ्यांना घेऊन नदीकडे उतरली.

सहाला हॉटेलवर. अंगावर वाळूचा थर, आंघोळीचं पाणी तांबडं.

आता गवत झाडणाऱ्या हत्तीचा व्हिडिओ दादाला पाठवला. इथे नऊ वाजलेत, म्हणजे तिकडे साडेबारा. सकाळी बघेल असं वाटलं होतं, पण लगेच निळ्या खुणा. म्हणजे आजही राखणीला बसलाय. हत्तीबद्दल एक अक्षर नाही. मी खाली मिरचीच्या विटांचं लिहिलं होतं, त्यावर विचारतोय:

"शेण हत्तीचाच व्हया काय बैलाचा चलात? इचार त्येका."

गाइडचा नंबर मी घेतलाच नाही.